‘त्यांनी’ म्हणजे कोणी?



या घटकात मी तुम्हांला ‘तुम्ही’ असे संबोधणार आहे. ‘आपण’ हे संबोधन अधिक अदबीचे ठरले असते. तुमच्यापैकी अनेक जण माझ्याबरोबरीच्या वयाचे, काही तर माझ्याहून वडील आहेत, हे संपर्कसत्रांतून मला ठाऊक आहे. तरीही मी ‘तुम्ही’च निवडले आहे. ‘आता आपण सर्वनामांचा विचार करू’ असे मी लिहिले, तर त्या ‘आपण’मध्ये मीही असते आणि तुम्हीही असता. पुढच्याच ओळीत ‘आपण ही उदाहरणे वहीत उतरवावीत’ असे लिहिले, की मी त्यातून अलगद बाहेर पडते आणि काम तेवढे तुमच्याकडे राहते. शब्द तोच असतो, माणसे मात्र बदललेली असतात. वर्गात शिक्षकाचा चेहरा समोर असतो, हाताची खूण असते, म्हणून घोटाळा होत नाही. दूरशिक्षणाच्या पुस्तिकेत समोर केवळ कागद असतो. अर्ज, अहवाल, नोटीस, ठराव, प्रतिज्ञापत्र या साऱ्यांची स्थिती अशीच आहे. ते वाचले जातात तेव्हा लिहिणारा जवळ नसतो आणि ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हे सांगण्याची संधी त्याला मिळत नाही.

मराठीत मूळ सर्वनामे नऊ आहेत, हे तुम्ही शाळेत पाठ केले असेल: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. त्यांपैकी तो, हा आणि जो ही तीनच लिंगानुसार बदलतात, हेही तुम्हांला आठवत असेल. स्पर्धा परीक्षांमुळे हा नियम आता पुष्कळांच्या तोंडी आहे. तो खरा आहे, परंतु कोष्टकापुरता. ‘मी’ या शब्दाला लिंग नसले, तरी वाक्यात गेल्यावर ते क्रियापदावर जाऊन बसते. ‘मी विनंती करतो’ आणि ‘मी विनंती करते’ या दोन वाक्यांत सर्वनाम एकच आहे. लिहिणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, हे मात्र तत्काळ कळते.

माझे माहेर सांगली जिल्ह्यातले. आमच्याकडे घरातल्या बायका ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असे सहज म्हणत आणि आजही म्हणतात. सांगली-कोल्हापूर भागातील हा प्रघात पुण्याला पोहोचला की थट्टेचा विषय होतो, हे तेथे शिकायला गेलेल्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. आमच्या शेजारच्या कन्नड भाषेत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही. पुरुष असो की स्त्री, दोघेही ‘नानु होगुत्तेने’ असेच म्हणतात. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह होतो आणि सीमेलगतच्या बोलीत तो अगदीच अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. बोलीतले हे रूप चुकीचे नव्हे. ते आपल्या नियमाने चालते आणि घरात, शेतात, बाजारात कोणाचाही गैरसमज करीत नाही. माझ्या आईशी बोलताना मीही ‘येतो गं’ म्हणूनच फोन ठेवते. परंतु सही करून द्यावयाच्या कागदावर स्थिती वेगळी असते. तेथे बोली न जाणणारा वाचकही असतो आणि ‘करतो’ हे क्रियापद वाचून, खालची सही भलत्याच व्यक्तीची आहे, असे त्याला वाटू शकते.

हा प्रश्न केवळ बोलीपुरता मर्यादित नाही. १९९३ पासून पंचायत राज संस्थांमध्ये स्त्रियांना एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडखाली सही करणारी व्यक्ती बदलली, पण पत्रांचे जुने नमुने बदलले नाहीत. ‘मी, सरपंच, आपणांस विनंती करतो की’ असा मजकूर आणि त्याखाली स्त्रीची सही, अशी पत्रे सातारा जिल्ह्यातील गावांतून माझ्या पाहण्यात आली आहेत. शासकीय अर्जांच्या छापील नमुन्यांत आता ‘करतो/करते’ असे तिरक्या रेघेने लिहिलेले असते आणि नको ते रूप खोडावयाचे असते. प्रत्यक्षात कोणीही ते खोडत नाही.

येथे मराठीच आपल्या मदतीला येते, आणि हे तुम्ही लक्षपूर्वक पाहावे. ‘मी असे घोषित करीत आहे’ या वाक्यात लिंग दिसत नाही. ‘मी अर्ज सादर केला आहे’ यातही नाही, कारण सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. ‘केला’ हे रूप अर्जाचे आहे, अर्जदाराचे नव्हे. ‘मी रक्कम भरीन’, ‘मला नोटीस मिळालेली नाही’, ‘माझी विनंती आहे’ ही वाक्येही कोणाच्याही सहीवर चालतात. अडचण उरते ती ‘मी हजर होतो’, ‘मी पोहोचले’ यांसारख्या वाक्यांत. तेथे लिहिणाऱ्याने आपले रूप निवडावे आणि शेवटपर्यंत तेच ठेवावे. एखाद्या कार्यालयासाठी अर्जाचा नमुना तयार करण्याचे काम तुमच्याकडे आले, तर त्या तिरक्या रेघेऐवजी ‘करीत आहे’ लिहा. खोडण्याचा प्रश्नच राहत नाही.

आता पुन्हा ‘आपण’कडे येते. हा शब्द कामे फार करतो. तो ‘तुम्ही आणि मी’ या अर्थाने येतो, आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणून येतो आणि ‘स्वतः’ म्हणूनही येतो. मुंबईच्या बोलण्यात तर ‘आपण नाही घाबरत’ म्हणणारा केवळ स्वतःविषयीच बोलत असतो. ऐकणाऱ्यासह ‘आपण’ आणि ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे, गुजरातीत आहे, तेलुगूत आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये आणि आजच्या कन्नडमधील ‘नावु’मध्ये तो नाही. म्हणून जत तालुक्यातील, घरी कन्नड बोलणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने बचत गटाच्या सभासदांना ‘सोमवारी आम्ही बँकेत जाऊ’ असे कळविले, तेव्हा निम्म्या बायका निश्चिंतपणे घरीच राहिल्या. त्यांनी ते वाक्य मराठीच्या नियमाने वाचले होते.

सातारा-सांगली हा सहकाराचा मुलूख. (१९४९ पर्यंत तर हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.) येथील साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल तुमच्यापैकी अनेकांच्या घरी येत असतील. त्यांत ‘आपल्या कारखान्याने या गळीत हंगामात’ अशी वाक्ये असतात. हा ‘आपला’ नेमका आहे, कारण सभासद हाच मालक, ही सहकाराची मूळ कल्पना त्या एका शब्दात आहे. अध्यक्षांनी तेथे ‘आमच्या कारखान्याने’ असे लिहिले, तर सभासदांनी भुवया उंचवाव्यात. त्याच सभासदाला सहकारी संस्थेकडून ‘आपण थकबाकी भरलेली नाही’ अशी नोटीस जाते, तेव्हा तो ‘आपण’ एकट्याचा असतो. दोन्ही उपयोग योग्य आहेत. ते एकाच कागदावर आले, की गोंधळ सुरू होतो. ‘आपण आपल्या संस्थेच्या हितासाठी आपली बाकी भरावी’ या वाक्यात तीन वेळा एकच शब्द आहे. पहिला ‘आपण’ वाचकाचा, दुसरा सर्वांचा आणि तिसरा पुन्हा वाचकाचा.

‘स्वतः’ या अर्थाचा ‘आपला’ तर आणखी फसवा आहे. ‘अध्यक्षांनी सचिवांना आपल्या घरी दप्तर आणण्यास सांगितले.’ कोणाच्या घरी? भाषावैज्ञानिकांना हे वाक्य आवडते, कारण मराठीतील ‘आपला’ जवळचा कर्ता ओलांडून दूरच्या कर्त्याकडेही जाऊ शकतो. लेखापरीक्षकाला मात्र ते आवडणार नाही, कारण दप्तर सापडेनासे झाले, तर कोणाच्या घराचे दार ठोठवायचे, हे त्यातून कळत नाही. ‘स्वतःच्या घरी’ असे केले तरी शंका पुरती फिटत नाही. ‘अध्यक्षांच्या घरी’ लिहिल्याने फिटते.

सर्वनाम चुकीचे वापरण्याइतकाच ते टाळण्याचाही एक दोष आहे. आपल्या पत्रव्यवहारात ‘मी’ला संकोच फार. त्याला इतिहास आहे. १७०८ पासून सातारा ही छत्रपतींची राजधानी झाली. त्या काळच्या पत्रांत लिहिणारा स्वतःला ‘सेवक’ आणि वाचणाऱ्याला ‘स्वामी’ म्हणतो. प्रथमपुरुष आणि द्वितीयपुरुष दोन्ही नामांच्या आड उभे असतात. ती रीत दरबाराची होती. आजच्या कार्यालयात सेवकाच्या जागी ‘निम्नस्वाक्षरीकार’ आला आणि पाठोपाठ ‘कळविण्यात येते की’ आले. ही रचना नेहमीच वाईट असते, असे नाही. बदलीचा आदेश एखादी व्यक्ती काढत नाही, कार्यालय काढते. तेथे ‘बदली करण्यात येत आहे’ हेच योग्य. परंतु ‘कागदपत्रे गहाळ झाली’, ‘विलंब झाला’, ‘नोंद घेण्यात आली नाही’ या वाक्यांत कर्ता गळून पडलेला नसतो; त्याला मुद्दाम बाजूला सारलेले असते. अशी वाक्ये तुमच्याकडे आली, तर त्यांना ‘कोणी?’ हा प्रश्न विचारावा. आणि ती तुमच्या हातून लिहिली जात असतील, तर तो प्रश्न दुसऱ्याने विचारण्यापूर्वी उत्तर तयार ठेवावे.

‘मी’ न लिहिताही जबाबदारी घेता येते, याचे चांगले उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथून मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. विश्वकोशाची कोणतीही नोंद उघडा. तिच्यात ‘मला वाटते’ नाही, ‘आम्ही पाहिले’ नाही. विषय स्वतःच बोलत असल्यासारखी भाषा असते. पण नोंद संपते तेथे लिहिणाऱ्याचे नाव असते. मजकूर निर्वैयक्तिक आणि त्याची हमी व्यक्तीची, ही जोडी मला फार योग्य वाटते. निनावी परिपत्रकाने तिच्याकडून काही शिकावे.

तृतीयपुरुषी सर्वनामांत अर्थाबरोबर प्रतिष्ठाही वाटली जाते. चौकशीचा एक अहवाल मी भाषेच्या दृष्टीने तपासला होता. त्यात अधिकारी ‘ते’ होते, लिपिक ‘ते’ होते आणि सफाईचे काम करणारी स्त्री ‘ती’ होती. तिघांचेही जबाब एकाच दिवशी, एकाच टेबलावर घेतलेले. चौकशी कोणाचे म्हणणे खरे, याची होती, आणि अहवालाने निष्कर्षाच्या पानावर पोहोचण्याआधीच एकीला खालच्या पायरीवर बसविले होते. लिहिणाऱ्याचा तसा हेतू असेल, असे मला वाटत नाही. त्याने बोलण्यातली सवय कागदावर उतरविली. व्यावसायिक लेखनात आदर द्यावयाचा तर सर्वांना द्यावा. ‘त्या’ हे रूप केवळ संचालिकांसाठी राखून ठेवलेले नाही.

मात्र या आदराचीच एक अडचण आहे. आदरासाठी आपण अनेकवचन वापरतो, म्हणून ‘ते’, ‘त्यांनी’, ‘त्यांना’ ही रूपे एका सन्माननीय व्यक्तीची की अनेकांची, हे रूपावरून ठरत नाही. शिवाय ‘ते’ हे नपुंसकलिंगी एकवचनही आहे. जुन्या लेखनात त्या ‘तें’वर अनुस्वार असे आणि पुल्लिंगी अनेकवचनी ‘ते’वर नसे, १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि डोळ्यांना दिसणारा तो भेदही गेला. तो परत यावा, असे माझे म्हणणे नाही. त्याची उणीव वाक्यरचनेने भरून काढावी लागते, एवढे खरे.

ती भरून निघाली नाही, तर काय होते, याचे एक उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी साताऱ्यातील संपर्कसत्राला कोरेगाव तालुक्यातील एक विद्यार्थिनी येत असत. वय चाळिशीच्या पुढे, अंगणवाडीत मदतनीस. त्यांचे पती वारले होते. पती आणि थोरले दीर दोघेही गावच्या सोसायटीचे सभासद. दोघांचे कर्ज वेगवेगळे. पतीने आजारपणापूर्वी आपले कर्ज पूर्ण फेडले होते. सातबाऱ्यावरील बोजा कमी करून घेण्यासाठी सोसायटीचा बेबाकी दाखला हवा होता. तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जलेखकाने त्यांनी सांगितले तसे लिहून दिले: ‘माझे कै. पती व थोरले दीर हे आपल्या सोसायटीचे सभासद. त्यांनी सर्व कर्ज फेडलेले आहे. तरी त्यांचा बेबाकी दाखला मिळावा.’

त्या बाईंच्या दृष्टीने या वाक्यांत संदिग्ध असे काहीच नव्हते. लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडी ‘त्यांनी’ म्हणजे एकच माणूस होता. आपल्याकडे असंख्य घरांत पतीचा उल्लेख ‘हे’ आणि ‘त्यांनी’ एवढ्यावरच चालतो. तेथे ते सर्वनाम नसून विशेषनामच असते. सोसायटीच्या सचिवांनी तो अर्ज व्याकरणाने वाचला. ‘त्यांनी’च्या सर्वांत जवळचे नाम ‘दीर’. शिवाय मयत माणसाला दाखला कशाला लागेल, असाही हिशेब त्यांनी केला असावा. दाखला दिरांच्या नावाने निघाला. दिरांचे कर्ज फिटायचे होते की नाही, या तपशिलात मी जात नाही. त्यांना दाखला परत करण्याची घाई नव्हती, एवढे पुरे. पतीच्या खात्यावर बाकी तशीच राहिली आणि पुढच्या थकबाकीदारांच्या यादीत त्यांचे नाव लागले. सोसायटीने आपली खतावणी उघडून पाहिली असती, तर हे टळले असते. पण अर्ज वाचून काम उरकत असेल, तर खतावणी कोण उघडतो?

त्या अर्जाची प्रत घेऊन त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा आम्ही दोघींनी बसून तो नव्याने लिहिला. मी एकच गोष्ट सुचविली: ‘त्यांनी’ येईल तेथे नाव घाला. शाळेत आपल्याला नामाची पुनरुक्ती टाळण्यासाठी सर्वनाम, असे शिकविले जाते. निबंधात ते ठीक आहे. खरेदीखत लिहिणारे दस्तलेखक मात्र ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे शब्द पानभर पुन्हा पुन्हा लिहितात आणि त्यांना कोणी कंटाळवाणे म्हणत नाही. तेथे पुनरुक्ती हेच संरक्षण असते.

त्यांनी पेन उचलले आणि थांबल्या. उखाणा वगळता पतीचे नाव त्यांनी मोठ्याने घेतले नव्हते. स्वतःच्या पूर्ण नावातला मधला शब्द म्हणून ते नाव त्यांनी शेकडो कागदांवर लिहिले होते. वाक्याचा कर्ता म्हणून ते लिहिण्याची वेळ प्रथमच आली होती. थोड्या वेळाने त्यांनी लिहायला सुरुवात केली. अमुक यांनी कर्ज घेतले. अमुक यांनी ते फेडले. पावती सोबत जोडली आहे. अमुक यांच्या नावाचा बेबाकी दाखला, त्यांची वारस पत्नी म्हणून, मला मिळावा. त्या शेवटच्या वाक्यातील ‘त्यांची’ खोडावे का, असे त्यांनी मला विचारले. मी म्हटले, राहू द्या. आता तेथे दुसरे कोणी नाही.

दाखला पुढे मिळाला. परीक्षेचा अर्ज भरायला आल्या, तेव्हा त्याची झेरॉक्स त्यांनी मला दाखविली. सोसायटीने वरच्या ओळीत पतीचे पूर्ण नाव घातले होते आणि खाली लिहिले होते, ‘त्यांच्याकडे कोणतीही येणेबाकी नाही.’ वरच्या ओळीत नाव एकच होते.